खबर आणि साक्ष : हंगेरीच्या व्हिडिओ-कलेसंबंधी काही विचार

ज्या विषयावर लिहिण्याचा आपणास फारसा अधिकार नाही, त्यावर लिहावयास बसताना आपले भांडवल किती हे माणसाने आरंभीच सांगून टाकलेले बरे. मी एका तालुक्याच्या गावी शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षांपुरते. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत. हंगेरी देश मी पाहिलेला नाही, तेथली भाषा मला येत नाही. ज्या कलाकृतींविषयी येथे लिहितो आहे, त्या मी रात्री घरची मंडळी निजल्यावर संगणकाच्या पडद्यावर, खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींच्या आधाराने पाहिलेल्या आहेत. एवढ्यावर समीक्षा उभी राहत नाही हे मला कळते. तथापि एक प्रसंग असा घडला, की त्यानंतर ह्या विषयावर गप्प बसणे मला अप्रामाणिकपणाचे वाटू लागले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी गाबोर बोदी ह्या हंगेरियन चित्रपटकारावर बोललो. युरोपचे दोन तुकडे झालेले असताना ह्या माणसाने व्हिडिओ कॅसेटवर निघणारे एक नियतकालिक काढले आणि पूर्व-पश्चिम असा भेद न मानता देशोदेशींच्या कलावंतांना एका फितीवर एकत्र आणले, ही हकिगत मी मोठ्या उमाळ्याने सांगितली. 'स्वातंत्र्याचा पुजारी' असे काहीतरी मी म्हणालो असेन. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतला एक तरुण उठला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, पण बोदी तर सरकारचा खबऱ्या होता. त्याबद्दल आपण काहीच बोलला नाहीत."

मला ते ठाऊक नव्हते. मी तसे कबूल केले आणि खाली बसलो. घरी येऊन शोध घेतला तेव्हा तरुणाचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. आता ह्या माणसाच्या कलेचे करावयाचे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. बोदीबरोबरच्या आणि त्याच्यानंतरच्या हंगेरियन कलावंतांच्या फिती पाहत गेलो, तसतसे ध्यानात आले, की हा प्रश्न एकट्या बोदीचा नव्हे. कोण कोणाकडे पाहतो आहे, पाहिलेले कोणाला सांगतो आहे, आणि ज्याला पाहिले त्याला ते कळते आहे की नाही, हे तीन प्रश्न ह्या कलेच्या साऱ्या वाटचालीत पुन्हा पुन्हा समोर येतात.

२

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९५६ च्या ऑक्टोबरात बुदापेस्टमध्ये उठाव झाला, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला, आणि उठावाच्या काळातला पंतप्रधान इम्रे नॉज ह्याला १६ जून १९५८ रोजी फाशी देण्यात आले. त्यानंतर यानोश कादार ह्याची राजवट तीस वर्षांहून अधिक काळ चालली. पुढे पुढे ही राजवट पूर्व युरोपातल्या इतर राजवटींच्या मानाने मवाळ झाली. सांस्कृतिक कारभार पाहणाऱ्या द्यॉर्ज आत्सेल ह्याचे धोरण तीन शब्दांत सांगत. हंगेरियन भाषेत तिन्ही शब्द 'त'पासून सुरू होतात, म्हणून त्याला 'तीन त'चे धोरण म्हणत. आपल्या भाषेत त्यांना निषिद्ध, सह्य आणि पुरस्कृत म्हणता येईल. ह्यांतला मधला शब्द मोठा विलक्षण आहे. जे सह्य आहे ते उद्या निषिद्ध ठरू शकते. म्हणून सह्य कलावंत रोज उठून वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहतो. त्याला तुरुंगात घालावे लागत नाही. तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो.

ह्या मधल्या पट्ट्यातच बुदापेस्टचा बेला बालाझ स्टुडिओ उभा होता. ज्याच्या नावाने तो निघाला तो बेला बालाझ चित्रपटविषयक चिंतनाच्या आद्य लेखकांपैकी एक. १९५९ साली स्थापन झालेला आणि १९६१ पासून नव्या रूपाने चाललेला हा स्टुडिओ सरकारी पैशावर चाले. परंतु तेथे काय करावयाचे हे तरुण चित्रपटकार स्वतः ठरवीत. कथानक आधी मंजूर करून घ्यावे लागत नसे. मेख होती ती दुसऱ्या टोकाला : तयार झालेली फिल्म लोकांना दाखवावयाची तर परवानगी हवी. म्हणजे बनवण्याचे स्वातंत्र्य होते, दाखवण्याचे नव्हते. लिहा, पण छापू नका, असे कोणी मला सांगितले तर मी लिहीन की नाही, ह्याचे उत्तर मला चटकन देता येत नाही. त्या मंडळींनी मात्र केले. प्रेक्षक नाहीच तर प्रेक्षकाला आवडेल असे तरी कशाला करा, अशा विचाराने त्यांनी चित्रपटाची भाषाच उकलून पाहिली. १९७३ साली बोदीच्या पुढाकाराने तेथे 'चित्रपटभाषा' नावाची प्रयोगमाला सुरू झाली. तीत चित्रकार आले, संगीतकार आले, लेखक आले.

ह्याच स्टुडिओत मिक्लोश एर्देय ह्या वास्तुशिल्पज्ञ-कवी-चित्रकाराने १९७७ साली 'स्वप्नांच्या नकला' ही फिल्म केली. तीत माणसे आपापली स्वप्ने सांगतात आणि ती पुन्हा घडवून दाखवण्याचा खटाटोप चालतो. ज्याचे स्वप्न तो माणूस मध्येच थांबवतो. हे असे नव्हते, तसे होते, म्हणून सांगतो. नक्कल काही केल्या मुळाशी जुळत नाही. सांगणाऱ्याला दुरुस्ती करण्याचा हक्क शेवटपर्यंत आहे, ही ह्या फिल्ममधली गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता व्हिडिओ म्हणजे काय आणि तो आल्याने काय बदलले? रासायनिक फिल्मवर चित्रण केले की ती धुण्यासाठी प्रयोगशाळेत द्यावी लागते, आणि हंगेरीत प्रयोगशाळा सरकारी. म्हणजे कलावंत आणि त्याचे चित्र ह्यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असे, आणि तो सरकारचा नोकर असे. चुंबकीय फितीला धुणे नाही. कॅमेऱ्याची तार पडद्याला जोडली की चित्र त्याच क्षणी समोर. शिवाय दोन यंत्रे शेजारी ठेवली की एकीवरून दुसरीवर नक्कल उतरते. प्रत्येक नकलेत चित्र थोडे फिके, थोडे अधिक थरथरते होते; परंतु ते हातोहात जाते. ज्या देशात सरकारी दूरचित्रवाणीवर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत सोमवारी कार्यक्रमच नसत, त्या देशात पडद्यावर आपले चित्र आपण आणू शकतो, ह्या जाणिवेचे मोल केवढे असेल ह्याची कल्पना आज खिशात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या आपणांस येणे कठीण आहे.

३

गाबोर बोदी १९४६ साली जन्मला. तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकून तो चित्रपटाकडे वळला. त्याचा 'अमेरिकन टोर्सो' हा १९७५ चा चित्रपट मी तीन वेळा पाहिला. १८४८-४९ च्या हंगेरियन स्वातंत्र्ययुद्धात हरलेले काही सैनिक अमेरिकेच्या यादवी युद्धात लढताहेत, एवढेच त्याचे कथानक. त्यातला फियाला नावाचा नायक जमिनीची मोजणी करणारा आहे. थिओडोलाइटच्या काचेतून तो रणांगणाकडे पाहतो, तेव्हा त्या काचेवरच्या उभ्या-आडव्या रेघा आपल्याही डोळ्यांपुढे येतात. चित्रपटाची फिल्म बोदीने मुद्दाम अशी खराब केली आहे, की जणू ती त्या काळीच कोणी घेतली होती आणि शंभर वर्षे माळ्यावर पडून होती. डाग पडलेले, उजेडाने जळलेले, मधूनच विझणारे असे ते चित्र आहे. ह्या युक्तीचा अर्थ मला असा लागतो : पाहणे म्हणजे निव्वळ डोळे उघडे ठेवणे नव्हे. प्रत्येक पाहण्यामागे एक यंत्र असते, त्या यंत्रावर रेघा असतात, आणि पाहणारा कोणत्या तरी सैन्यात असतो.

व्हिडिओने बोदीला ह्याच्या पुढचे पाऊल दाखवले. कॅमेरा त्याच्याच पडद्याकडे रोखला, तर पडद्यात पडदा, त्यात आणखी पडदा, असा न संपणारा बोगदा तयार होतो. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असले की जे दिसते ते. 'अनंत प्रतिमा आणि प्रतिबिंब' ह्या आपल्या निबंधात बोदीने ह्याच अनुभवाचा तात्त्विक विचार केला. मला त्या बोगद्याची पहिल्यांदा मोहिनी पडली आणि नंतर भीती वाटली. कारण त्यात जग कोठेच नाही. यंत्र स्वतःलाच पाहते आहे आणि स्वतःलाच दाखवते आहे. बोदीच्या व्हिडिओ-रचनांचे जे उणे मला जाणवते तेही हेच. 'नोवालिस : वाल्ट्झ'सारख्या त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या रचनांत दृश्ये देखणी आहेत, पण विचाराचा भार एवढा, की माणसाचा चेहरा त्याखाली चेपून जातो.

तरीही त्याचे मोठे काम व्हिडिओतच झाले, आणि ते म्हणजे 'इन्फर्मेंटल'. इंटरनॅशनल, फर्मेंट आणि एक्सपेरिमेंटल हे तीन शब्द कालवून केलेले हे नाव. व्हिडिओ कॅसेटवर निघणारे हे जगातले पहिले आंतरराष्ट्रीय नियतकालिक. पहिला अंक बोदी आणि त्याची पत्नी वेरा ह्यांनी १९८२ साली बर्लिनहून काढला. पुढे दर अंकाचे गाव निराळे, संपादक निराळे. हॅम्बर्ग झाले, १९८४ साली तिसरा अंक खुद्द बुदापेस्टहून निघाला, मग लियों, व्हँकुव्हर, बफेलो, टोकियो, व्हिएन्ना अशी ती पालखी फिरत राहिली आणि १९९१ पर्यंत दहा अंक झाले. दिवाळी अंकाच्या वाचकाला ह्या उपक्रमाची गोडी निराळी सांगावयास नको. कोणी तीन मिनिटांचे पाठवले, कोणी वीस. कोणी नामांकित, कोणी नवखा. संपादकाने ते विषयवार लावून दिले आणि वर्षाचा ऐवज तयार झाला. चित्र म्हणजे राजवाड्यातली वस्तू, तिच्याकडे आपण जावयाचे, ही समजूत त्याने मोडली. चित्र पत्रासारखे घरी येऊ शकते, ते हवे तेव्हा लावता येते, थांबवता येते, परत पाहता येते, हे बोदीने ओळखले होते. माझ्या व्याख्यानात मी जे सांगितले ते एवढेच, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता.

ऑक्टोबर १९८५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बोदी बुदापेस्टमध्ये मरण पावला. आत्महत्या, अशी सरकारदप्तरी नोंद झाली. राजवट गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दुसरी नोंद उजेडात आली. १९७३ पासून तो राज्य-सुरक्षा खात्याचा खबऱ्या होता. खात्याच्या कागदांत त्याचे नाव 'पेश्ती', म्हणजे पेश्तकर. ज्या वर्षी त्याने चित्रपटभाषेची प्रयोगमाला सुरू केली, तेच हे वर्ष.

४

अशा वेळी दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक असे, की माणूस वाईट म्हणून कलाही टाकाऊ. दुसरे असे, की कला निराळी आणि माणूस निराळा. आपल्याला आंब्याशी कर्तव्य, कोयीशी नाही. पहिले उत्तर मला देता येत नाही, कारण 'अमेरिकन टोर्सो' चौथ्यांदा पाहिला तेव्हाही तो तितकाच उत्तम वाटला. दुसरेही देववत नाही, आणि त्याचे कारण बोदीनेच करून ठेवले आहे.

१९८३ साली त्याने 'कुत्र्याचे रात्रगीत' हा चित्रपट केला. पस्तीस मिलिमीटरच्या रीतसर चित्रणात त्याने मधूनमधून व्हिडिओ आणि घरगुती सुपर-८ फिल्मचे तुकडे बसवले. त्या काळी बुदापेस्टच्या तळघरांतून गाणारी बंडखोर वाद्यवृंद-मंडळी त्यात आणली. कथानकाच्या केंद्रस्थानी खेड्यात आलेला एक पाद्री आहे. लोक त्याच्याजवळ मन मोकळे करतात. पूर्वीचा एक पक्षाधिकारी, आता पांगळा होऊन पडलेला, तोही त्याच्याशी बोलू लागतो. आणि हा पाद्री तोतया आहे. ही भूमिका बोदीने स्वतः केली.

हे कळल्यावर चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा त्या काळ्या झग्यातल्या माणसाच्या चेहऱ्याकडे मला नीट पाहवेना. लोक त्याला आपली दुःखे सांगत आहेत, तो ऐकतो आहे, आणि ऐकण्याचा त्याला अधिकार नाही. येथे माणूस आणि कला ह्यांची फारकत करावयाची म्हटली तर चित्रपटाच्या गाभ्यालाच हात घालावा लागेल. बोदीने आपली कबुली दिली आहे असे मी म्हणणार नाही. कबुलीत ज्याचा अपराध केला त्याला उद्देशून बोलावे लागते. येथे ते नाही. परंतु सोंग घेऊन ऐकणाऱ्याला आतून काय होते, हे त्याला ठाऊक होते आणि ते त्याने पडद्यावर ठेवले, एवढे मी म्हणतो.

ह्या प्रश्नाने मला स्वतःकडे पाहावयास लावले, म्हणून एक खाजगी गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीतला एक गृहस्थ आमच्या शेजाऱ्यांवरून घेतलेला होता. त्यांच्या घरातले काही मी ओट्यावर बसून ऐकले होते, काही भिंतीपलीकडून ऐकू आले होते. नाव बदलले, गाव बदलले, बाकी सारे तसेच ठेवले. पुस्तक निघाल्यावर महिन्याभराने ते संध्याकाळी आले. पुस्तक माझ्यासमोर ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, निदान अंगणातला पारिजातक तरी बदलायचा होतात." एवढेच बोलून गेले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण आम्हांला आले नाही.

तर मग कादंबरीकार आणि खबऱ्या ह्यांत अंतर काय? दोघेही कान देऊन ऐकतात, दोघेही टिपून ठेवतात, दोघेही टोपणनावे वापरतात. पुष्कळ दिवस विचार करून मला एकच अंतर सापडले. खबऱ्याच्या लिखाणाला एकच वाचक असतो, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते कधी दिसू नये अशी त्यात व्यवस्था असते. माझ्या शेजाऱ्यांना माझे पुस्तक विकत घेता आले, वाचता आले, ते माझ्यापुढे आणून टाकता आले. मी त्यांचा अपराध केला. पण त्यांचा उलट बोलण्याचा हक्क शाबूत राहिला. एर्देयच्या फिल्ममध्ये स्वप्न सांगणारा मध्येच थांबवून 'असे नव्हते' म्हणतो, तो हाच हक्क. खबर आणि साक्ष ह्यांतला फरक मी ह्या हक्कावरून करतो. साक्ष चार लोकांत, ज्याच्याविषयी द्यावयाची त्याच्या समक्ष देतात, आणि तिची उलटतपासणी होते. खबर दाराआड देतात.

ह्या मापाने पाहिले तर बोदीने एकाच आयुष्यात दोन्ही केले. 'इन्फर्मेंटल' ही ज्याला हवी त्याने पाहावी अशी उघडी फीत होती, आणि 'पेश्ती'चे अहवाल बंद पाकिटात जात होते. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, आणि एकाने दुसरे पुसलेही जात नाही.

५

बोदीच्या नंतर हंगेरियन व्हिडिओने कोणती दिशा धरली, हे पाहिले म्हणजे हे माप मी बाहेरून आणून लावतो आहे असे वाचकांस वाटणार नाही. दोन उदाहरणे देतो.

पहिले पेतेर फोर्गाच ह्याचे. जन्म १९५०. १९८३ साली त्याने बुदापेस्टमध्ये खाजगी छायाचित्रे आणि घरगुती फिल्म ह्यांचा संग्रह उभारावयास आरंभ केला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हौशी गृहस्थांनी आपापल्या घरी घेतलेली चित्रणे, म्हणजे लग्ने, सहली, बाळाचे पहिले पाऊल, तळ्यावरची आंघोळ, त्याने गोळा केली, व्हिडिओवर उतरवली, आणि त्यांतून 'खाजगी हंगेरी' ही माला रचली. पहिली रचना 'बार्तोश कुटुंब', १९८८ ची. तिबोर सेम्झो ह्या संगीतकाराचे सावकाश, घोळवत जाणारे संगीत तिच्यापासून पुढे फोर्गाचची जवळजवळ खूणच होऊन बसले.

त्याची 'भोवरा' ही १९९६ ची रचना पाहताना मी दोनदा उठून गेलो. सेगेद शहरातल्या द्यॉर्ज पेतो नावाच्या सुखवस्तू ज्यू गृहस्थाने घेतलेले हे घरचे चित्रण आहे. लोक हसताहेत, बोटीत बसताहेत, प्रेम करताहेत. आणि त्याच वेळी सेम्झोच्या संगीतात हंगेरियन संसदेचे ज्यूविरोधी कायदे गायिले जात आहेत. १९३८ चा, १९३९ चा, १९४१ चा. कोणी कोणता धंदा करावा, कोणी कोणाशी लग्न करू नये, ही कलमे चर्चमधल्या मंत्रांसारखी संथ लयीत येतात. पडद्यावरच्या माणसांना ती ऐकू येत नाहीत. आपल्याला पुढचे ठाऊक आहे : १९ मार्च १९४४ ला जर्मन सैन्य आले आणि जूनमध्ये सेगेदच्या ज्यूंना गाड्यांत भरून नेले. त्यांना ठाऊक नाही. शोकान्त नाटकात प्रेक्षकाला जे आधी कळते त्याची आपणांस सवय असते. पण येथे रंगभूमी नाही, नट नाहीत. जी बाई कॅमेऱ्याकडे पाहून जीभ दाखवते आहे ती खरोखरच कोणाची तरी बायको आहे, आणि कॅमेऱ्यामागे तिचा नवरा आहे म्हणून ती तशी पाहते आहे.

फोर्गाचच्या कलेचे मर्म मला येथे सापडते. खबऱ्याच्या कॅमेऱ्याकडे कोणी पाहून हसत नाही. घरगुती चित्रणात माणसे आपल्या माणसाकडे पाहतात. आणि फोर्गाच ती नजर चोरत नाही. चित्र तो थांबवतो, संथ करतो, पुन्हा दाखवतो. त्या नजरेला आपल्यापर्यंत पोहोचावयास वेळ देतो. मेलेल्या माणसांना दुरुस्तीचा हक्क बजावता येत नाही. मग निदान त्यांचे नाव, गाव, वर्ष तो पडद्यावर लिहितो, त्यांच्याविषयी निकाल देत नाही. 'डॅन्यूबवरचे निर्गमन' ह्या १९९८ च्या रचनेत त्याने नांदोर आंद्राशोविच ह्या हंगेरियन कप्तानाने घेतलेले चित्रण वापरले आहे. १९३९ मध्ये ह्या कप्तानाच्या बोटीतून ज्यू निर्वासित पॅलेस्टाइनच्या आशेने काळ्या समुद्राकडे गेले. १९४० मध्ये त्याच नदीतून, त्याच बोटीने, बेसारेबियातले जर्मन शेतकरी आपली वडिलोपार्जित जमीन सोडून उलट दिशेने जर्मनीकडे गेले. कप्तान दोघांनाही सारख्याच कुतूहलाने पाहतो. ज्यू डेकवर प्रार्थना करतात, नाचतात. जर्मन बाया स्वयंपाक करतात. दोन्ही दुःखे एका तराजूत घातली, असा आक्षेप ह्यावर घेता येईल. मला तो आक्षेप पटत नाही, कारण फोर्गाच त्यांची बेरीज करीत नाही. एकामागून एक दाखवतो आणि तोलण्याचे काम आपल्यावर टाकतो. माझी तक्रार निराळी आहे. सेम्झोचे संगीत कधीकधी इतके गोड होते, की आपण दुःखात सुखाने बसून राहतो. 'भोवरा'त कायद्याची कलमे ही गोडी मोडतात. इतर ठिकाणी ती मोडावयाला काही नसते.

दुसरे उदाहरण कलेच्या काठावरचे आहे, परंतु त्यावाचून ही हकिगत पुरी होत नाही. १९८८ साली काही चित्रपटकार आणि इतर मंडळींनी मिळून 'काळी पेटी' नावाचे व्हिडिओ-नियतकालिक काढले. विमान कोसळले तरी जी पेटी शेवटपर्यंत नोंद ठेवते, तिच्यावरून हे नाव. सरकारी दूरचित्रवाणी जे दाखवीत नव्हती ते ह्यांनी टिपले : मोर्चे, सभा, विरोधी पक्ष आणि सत्ताधारी ह्यांच्या १९८९ च्या गोलमेज वाटाघाटी. १६ जून १९८९ ला, फाशीच्या बरोबर एकतीस वर्षांनी, इम्रे नॉज ह्याचे सन्मानपूर्वक पुनर्दफन झाले, तेथेही त्यांचा कॅमेरा होता. आणि १९८९ च्या डिसेंबरात, खात्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या साहाय्याने, हा कॅमेरा गृहखात्याच्या आत शिरला. नवी राज्यघटना लागू झाल्यावरही विरोधकांवर पाळत चालूच होती. कागद नष्ट होत होते. ते कागद फितीवर आले आणि ५ जानेवारी १९९० ला ते पत्रकारांपुढे ठेवण्यात आले. त्याच महिन्यात गृहमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

ह्या चित्रणात चौकटीचे सौंदर्य नाही, प्रकाशाची योजना नाही. कपाटे, फायली, घाईने उलटलेली पाने, एवढेच. पण बोदीच्या आरशांच्या बोगद्यातून आलेल्या माणसाला त्याचा अर्थ निराळा लागतो. ज्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली, त्यांनी येथे प्रथमच नजर ठेवणाऱ्याकडे कॅमेरा वळवला. खबरीची साक्ष झाली.

त्यानंतरचा भाग मी थोडक्यात सांगतो. १९९० साली बुदापेस्टच्या ललितकला अकादमीत 'इंटरमीडिया' हे शिक्षण सुरू झाले. १९९१ साली 'सब् व्होचे' ह्या प्रदर्शनात व्हिडिओ-मांडणीशिल्पे प्रतिष्ठित दालनांत आली. १९९६ साली सी-३ हे केंद्र निघाले आणि संगणक व इंटरनेट कलावंतांच्या हाती आले. परवानगी मागण्याचे दिवस संपले, हे उत्तमच झाले. मात्र ह्या नंतरच्या रचनांविषयी जे वाचले आणि जे थोडे पाहिले, त्यावरून मला वाटते, की पाहणारा कोण आणि कोणाच्या वतीने पाहतो आहे, हा प्रश्न पूर्वीसारखा जिवावरचा राहिला नाही. तो राहिलाच पाहिजे असा हट्ट धरणारा मी कोण? तळघरात कुढणाऱ्या कलेची हौस तिसऱ्या देशात खुर्चीवर बसून करणे सोपे आहे.

राहता राहिला त्या तरुणाचा प्रश्न. उत्तराची वाट मला दुसऱ्या एका हंगेरियन कादंबरीकाराने दाखवली. पेतेर एस्तेरहाझी ह्याने आपल्या वडिलांवर आणि घराण्यावर एक भव्य कादंबरी लिहिली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. हस्तलिखित पुरे होते न होते तोच त्याच्या हाती दप्तरातल्या फायली आल्या : वडील खबऱ्या होते. त्याने कादंबरी मागे घेतली नाही. २००२ साली त्याने दुसरे पुस्तक काढले आणि त्याला नाव दिले 'सुधारित आवृत्ती'. वडिलांच्या अहवालांतली वाक्ये त्यात तांबड्या शाईत छापलेली आहेत. पहिले पुस्तक काळ्या शाईत आहे तसेच राहिले. दोन्ही शेजारी ठेवून वाचावयाची.

बोदीच्या बाबतीत मला ह्याहून चांगली रीत सुचत नाही. 'अमेरिकन टोर्सो' पाहावा, 'इन्फर्मेंटल'चे अंक पाहावे, आणि त्यांच्या शेजारी 'पेश्ती' हे नावही तांबड्या शाईत लिहून ठेवावे. दोहोंची बेरीज करून एक आकडा काढण्याचा हट्ट धरू नये. कलेचा आस्वाद म्हणजे क्षमा नव्हे, आणि निषेध केल्याने चित्रातला प्रकाश विझत नाही.

वाचनालयाच्या चिटणिसांना मी कळवले आहे, की यंदाच्या मालेत मला पुन्हा त्याच विषयावर बोलावयाचे आहे. त्या तरुणालाही आमंत्रण धाडले आहे. त्याने पुढच्या रांगेत बसावे अशी विनंती केली आहे. आणि पुस्तकाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो : परवा शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. पारिजातक अजून आहे. पुढची आवृत्ती निघाली तर तेथे दुसरे झाड लावीन, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "आता राहू द्या. लोकांना कळायचं ते कळून गेलं." तरी मी ते बदलणार आहे.